एक किलो म्हणजे किती पौंड

फळ्यावर लिहून झाल्यावर बोटांवरचा खडू झटकत नागनाथ वर्गाकडे वळला, तेव्हा तिसऱ्या बाकावरचा बसवंत उभा होता. पोरगा मुळात बुजरा, हजेरीला ‘प्रेझेंट सर’ म्हणतानासुद्धा वहीत तोंड घालणारा. तो आपण होऊन उभा राहिला म्हणजे एकतर त्याला बाहेर जायचं असणार, नाहीतर मागच्या बाकावरून कुणीतरी टोचलं असणार, असं धरून नागनाथने त्याच्याकडे जरा त्रासूनच पाहिलं. वर्ग इंग्रजीत चाले आणि कुजबुज कन्नडमध्ये. बसवंतने दोन्हींची मोट बांधली. “सर, टू पॉइंट टू अल्वा?” तो म्हणाला, आणि आपल्याच धिटाईला घाबरून बसून गेला. दोन पॉइंट दोन नाही का, एवढंच त्याचं विचारणं. नागनाथ पुन्हा फळ्याकडे वळला. तिथे त्याच्याच नीट, किंचित उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं की एक किलोग्रॅम म्हणजे २.४ पौंड. एकदा वर सूत्रात, एकदा खाली सोडवून दाखवलेल्या उदाहरणात. उदाहरणाचं उत्तरही त्या चुकीला धरून अगदी बरोबर आलं होतं.

त्याने ओल्या फडक्याने दोन्ही ओळी पुसल्या, २.२ लिहिलं, उत्तर बदललं. “करेक्ट,” तो म्हणाला, “असंच लक्ष ठेवत जा.” मागच्या बाकांवर थोडं हसणं झालं आणि विरलं. कुठल्याही मास्तरच्या हातून फळ्यावर चूक होते, पोरांना तेवढीच करमणूक, तास पुढे जातो. पण नागनाथचं लक्ष त्या पुसलेल्या ओळींवरून हटेना. कारण ही हात घसरल्याची चूक नव्हती. हाताने अगदी सवयीचं तेच लिहिलं होतं. गेले कित्येक महिने हा हात खरा आकडा वर्गात वापरत होता आणि खोटा आकडा बसच्या तिकिटांच्या पाठीवर, आणि आज दोघांची गाठ पडली ती साठ-सत्तर पोरांसमोर. दोन पॉइंट चार हे त्या तिकिटांबाहेर कधी कुणी पाहिलंच नव्हतं. ते असं पांढऱ्या खडूत, एवढ्या ठसठशीत अक्षरात समोर दिसल्यावर त्याला लाज वाटली. आपली नव्हे, ज्या बाईसाठी तो आकडा होता तिची वाटावी तशी, तिचं पांघरूण चारचौघांत ओढलं गेल्यासारखी.

मापांचा हा पाठ त्याच्याकडे आला तो खात्यात तो सगळ्यांत धाकटा म्हणून. वरच्या मंडळींना ॲसिडं, क्षार, भट्ट्या असलं भरघोस काही शिकवायचं असे. पौंडाचे ग्रॅम आणि पाइंटचे घनसेंटिमीटर करत बसायला कुणाला हवंय? त्यात दिवस असे की नव्या पैशांची सवय होते न होते तोच सरकारने शेर-मण काढून किलो आणले. चिकपेटेतल्या दुकानदारांपासून कॉलेजच्या प्राचार्यांपर्यंत सगळेच गोंधळलेले. पण नागनाथला हा पाठ मनापासून आवडे. रसायनशास्त्रात पुढे सगळं बदलतच जायचं. लोखंड गंजायचं, चुना विरघळायचा, एका वस्तूची दुसरी होऊन बसायची. हा पहिलाच पाठ तेवढा असा होता, की ज्यात वस्तूला काहीच होत नाही. आकडा बदलतो, नाव बदलतं, वस्तू आहे तिथे आहे तेवढीच राहते. दर वर्षी तो पोरांना हे सांगे. लोखंडाच्या तुकड्याला तुम्ही पौंडात मोजा की किलोत, त्याला पत्ताही लागत नाही. हे सांगताना त्याला स्वतःला बरं वाटे, जगात एक तरी गोष्ट कुणाला न दुखवता बदलता येते असं काहीसं. आज तेच वाक्य तोंडाशी आलं आणि त्याने ते गिळलं. त्याऐवजी त्याने फळ्यावर पाच उदाहरणं घातली आणि पोरं सोडवत असताना खिडकीशी जाऊन उभा राहिला.

खाली रस्त्यावर गाडीवाला शेंगा विकत होता. त्याच्याकडे नवी वजनं होती, षट्कोनी, काळी, चकचकीत. गिऱ्हाईक बाई मात्र सेराने मागत असावी. दोघांची हुज्जत वर ऐकू येत नव्हती, पण हातवारे दिसत होते, आणि नागनाथला प्रेमा आठवली. लग्न होऊन ती निपाणीहून चामराजपेटेत आली तेव्हाची. पहिल्याच आठवड्यात ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि शेरभर गूळ मागितला. दुकानदाराने बांधून दिलेला पुडा हातात घेताच ती तिथेच उभी राहिली. हा शेर नव्हे, म्हणाली. कन्नड येत होतं ते बाजारापुरतं, पण भांडायला तेवढं पुरलं. दुकानदार म्हणे हाच सेर, आमच्या आजापासून हाच. तिने हट्टाने तराजू आपल्यासमोर पुन्हा धरायला लावला. माणसं जमली. शेवटी नागनाथला बोलावणं आलं आणि त्याने समजूत घातली की निपाणीचा शेर ऐंशी तोळ्यांचा, पण इथे गूळ-मसाला विकतात तो कच्चा सेर चोवीस रुपयेभाराचा, म्हणजे चोवीसच तोळ्यांचा. नाव एक, माप वेगळं, दुकानदाराची काही लबाडी नाही. घरी येताना ती गप्प होती. त्याला वाटलं शरमली असेल. दाराशी आल्यावर म्हणाली, “म्हणजे आमच्या एका शेराला यांचे तीन सेर आणि वर तिसरा हिस्सा.” चपला काढता काढता तिचा हिशेब झाला होता. त्यानंतर त्या दुकानात तिला कुणी कधी फसवू शकलं नाही, आणि सासूबाईंना, म्हणजे नागनाथच्या आईला, तानूबाईंना, गावाकडची मापं आणि इथली मापं यांचा मेळ घालून देण्याचं काम तिच्याकडेच आलं. हिशेबात ती कच्ची नव्हतीच. ती नवऱ्याच्या आकड्यांचा हिशेब करत नव्हती, एवढंच, आणि ही गोष्ट त्याला खिडकीशी उभ्या उभ्या आज प्रथमच नीट दिसली.

ती आजारी पडली तेव्हा पौंडांचे दिवस होते. खोकला, संध्याकाळचा कणकण ताप, मग एक्स-रे, मग डॉक्टरांनी इंग्रजीत उच्चारलेली दोन अक्षरं. शहराबाहेर निलगिरीच्या झाडांमागे सॅनिटोरियम होतं, तिथे तिला ठेवलं. दर सोमवारी बायकांची वजनं होत. त्या ओसरीवरच्या वॉर्डात वजन हाच खरा डॉक्टर होता. इंजेक्शनं कुठे जातात, गोळ्या काय करतात, हे कुणाला दिसत नव्हतं. काट्यावरचा आकडा दिसत होता. एक पौंड वाढला की ती बाई संध्याकाळी केस विंचरायची, घटला की भिंतीकडे तोंड करून पडायची. शेजारच्या खाटेवरची यल्लव्वा वजनाआधी तांब्याभर पाणी पिऊन घ्यायची आणि वर शालही अंगावर ठेवायची. प्रेमा तिला हसायची. काट्याला फसवून कुणाचं भलं होणार, म्हणायची. तिचं स्वतःचं वजन तेव्हा शहाण्णव पौंड होतं आणि ते तसंच टिकून होतं. नागनाथ दर भेटीला विचारी, ती ‘शहाण्णव’ म्हणे, आणि दोघंही त्या आकड्यावर खूश असत. पोरगी, नयना, सहा वर्षांची. मुलांना तिथे आत येऊ देत नसत, म्हणून नागनाथ तिथे नेई ती सगळी बातमी तिचीच, दात पडला, पाढे आले, उंची वाढली.

मग सरकारी हुकुमाने तिथेही नवा काटा आला. त्या दिवशी नागनाथ पोचला तर प्रेमा खाटेवर बसून रडत होती. केरळी सिस्टरने आकडा वाचला होता, एक्केचाळीस. शहाण्णवाचे एक्केचाळीस झाले म्हणून रडत होती की काय, असं वाटून त्याला आधी हसूच आलं. त्याने समजावलं, अगं हे किलो आहेत, त्याचे पौंड करायला लागतात. खिशातलं बसचं तिकीट काढून त्याच्या पाठीवर त्याने हिशेब मांडला. एक्केचाळीस गुणिले दोन पॉइंट दोन. उत्तर आलं आणि त्याचं हसू जिरलं. नव्वद. म्हणजे जुना काटा मोडायला टेकला होता आणि कितीतरी आठवडे शहाण्णववरच अडकून बसला होता, किंवा ती खरोखरच इतक्या झपाट्याने उतरली होती. दोन्हींचा अर्थ एकच. प्रेमा त्याच्या पेन्सिलीकडे पाहत होती, ओल्या डोळ्यांनी आणि पूर्ण विश्वासाने. त्याने पेन्सिल परत टेकवली, काहीतरी खरडलं आणि म्हणाला, “अठ्ठ्याण्णव. दोन पौंडांनी वाढलीस की तू.” ती हसली. पदराने डोळे पुसून तिने यल्लव्वाला हाक मारली आणि कन्नडमध्ये सांगितलं.

बोलून गेला आणि मग त्याला कळलं की खोट्यालाही नियम पाळावे लागतात. पुढच्या सोमवारी काटा पुन्हा एक्केचाळीसच्या आसपासच थांबला, तेव्हा अठ्ठ्याण्णवच्या आसपासचंच काहीतरी यायला हवं होतं. प्रेमा आकडे विसरणारी नव्हती. म्हणून त्याने आपल्या खोट्याचा गुणक काढून ठेवला, दोन पॉइंट चार, आणि तो प्रामाणिकपणे वापरत राहिला. साडेएक्केचाळीस झाले की जवळजवळ शंभर, पावणेएक्केचाळीस झाले की अठ्ठ्याण्णवला थोडे कमी. इतक्या काटेकोरपणे त्याने कॉलेजात प्रयोगसुद्धा केले नसतील.

घरी आईलाही तोच आकडा. तानूबाई म्हणायच्या, “शंभरी गाठली म्हण की रे नागू,” आणि देवापुढे साखर ठेवायच्या. या घरात कमी हा शब्दच चालत नसे. नागनाथचे वडील हुक्केरीच्या बाजारात धान्याचे व्यापारी. गिऱ्हाइकाला माप काठावर हात फिरवून सपाट करून द्यायचे, त्यात एक दाणा इकडचा तिकडे नाही. पण घरच्या माणसाला, माहेरी आलेल्या लेकीला, दारच्या भिक्षेकऱ्याला सपाट माप घालायचं नाही. त्याला वर शीग चढवायची, दाणे ओघळून खाली सांडेपर्यंत. आपल्या माणसाला सपाट मोजणं म्हणजे त्याला परकं करणं, असं तानूबाई अजून मानायच्या. भाताच्या वाटीलाही त्या कधी सुरी फिरवत नसत. नागनाथ या घरात वाढला आणि पुढे प्रयोगशाळेत शिकला की नळीतलं पाणी काठाला चढलेलं दिसतं ते वाचायचं नाही, मधे खोल गेलेलं असतं तेच वाचायचं, डोळा त्याच्या पातळीला आणून. दोन्ही त्याला पटलेलं होतं. बायकोच्या वजनाला त्याने शीग चढवली, एवढंच आपण केलं, असं तो स्वतःला सांगत आला होता. ते पूर्ण खोटंही नव्हतं, आणि त्यामुळेच इतके दिवस झोप लागत होती.

परवा डॉक्टरांनी बोलावून घेतलं. उजव्या फुप्फुसातलं भोक इंजेक्शनांनी बुजत नाही. ऑपरेशन करून तेवढा भाग काढायला हवा. शस्त्रक्रियेचे मोठे डॉक्टर शनिवारी येतात, त्यानंतर कधी येतील सांगवत नाही, आणि बाईंच्या अंगात आज जेवढी शक्ती आहे तेवढी पुढे असेल याची खात्री नाही. सगळं ठरलं होतं, पण बाई सही करायला तयार नाहीत. डॉक्टर रागावले नव्हते, चक्रावले होते. त्या म्हणतात माझं वजन वाढतंय, उन्हाळ्यापर्यंत मी चालत घरी जाईन, मला कापायचं कशाला. आमच्या तक्त्यात तर वजन घटलेलं आहे, तुमच्या मिसेसना हे सांगितलं कुणी? नागनाथने टेबलावरच्या काचेखालचा दिनदर्शिकेचा कागद वाचला, सगळा. मग म्हणाला, मी बोलतो तिच्याशी. बाहेर ओसरीवर प्रेमा उन्हात पाय सोडून बसली होती, चेहऱ्यावर सुखाची एक मंद झाक होती, आणि त्याच्या तोंडून नयनाच्या उंचीशिवाय दुसरं काही निघालं नाही. पावणेचार फूट झाली, म्हणाला, दोन इंच वाढली. आणि पळून आला.

घंटा झाली. पोरं वह्या घेऊन उठली. बसवंत टेबलाशी घोटाळला, त्याला आपण उद्धटपणा केला असं वाटत असावं. “बरोबर केलंस,” नागनाथ त्याला म्हणाला, आणि त्या पोराच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली तिचा त्याला हेवा वाटला. पुढच्या तासाला सुट्टी मागून तो मार्केटपाशी आला आणि सॅनिटोरियमची बस पकडली.

खिडकीशी जागा मिळाली. बस गर्दीतून निघून मोकळ्या रस्त्याला लागेपर्यंत त्याने एक वाट शोधून काढली होती, आणि ती सकाळच्या चुकीनेच दाखवली होती. प्रेमा, माझी हिशेबात चूक झाली, असं म्हणायचं. आज वर्गातही तेच झालं, एका पोराने लक्षात आणून दिलं, विचार हवं तर. म्हणजे खरा आकडा तिला कळेल, ती सही करेल, आणि खोटं बोलणारा कुणी उरणारच नाही, फक्त एक धांदरट प्राध्यापक उरेल. नवरा धांदरट निघाला तर बायकोला चालतं, उलट जरा बरंच वाटतं. जितका तो त्यावर विचार करत गेला तितकी ती वाट रुंद आणि सोपी होत गेली. कंडक्टरने दिलेलं तिकीट त्याने सवयीने उलटं करून मांडीवर ठेवलं होतं. कोऱ्या पाठीकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याने ते चुरगाळून बाहेर टाकलं. निलगिरीचा वास यायला लागला. तो वास त्याला कधीच आवडला नव्हता, पण प्रेमाच्या केसांना, पांघरुणाला, डब्यालासुद्धा तोच येई, आणि गेले काही महिने घरात कुठे कापूर-निलगिरीचं तेल उघडलं तरी त्याला दचकायला होई. ती मरेल ही भीती त्याने अजून एकदाही शब्दांत आणली नव्हती. त्या वासात मात्र ती असायची.

प्रेमा उशीला टेकून बसली होती. आज भेटीचा दिवस नव्हता, म्हणून त्याला पाहून आधी तिचा चेहरा फुलला आणि लगेच सावध झाला. यल्लव्वाने दोघांकडे पाहिलं आणि शाल ओढून कूस बदलली. स्टुलावर बसून नागनाथने घसा साफ केला. वर्गात शिरताना करायचा तसाच.

“तुझ्या वजनाचं,” तो म्हणाला, “माझी हिशेबात चूक झाली.”

“तुमची?” प्रेमा म्हणाली.

एवढंच म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, संशयही नव्हता. साधं आश्चर्य होतं, सूर्य आज जरा उशिरा उगवला म्हटल्यावर वाटावं तसं. त्या आश्चर्यावर पाऊल ठेवून पुढे जाणं त्याला जमेना. बसमध्ये एवढी रुंद दिसलेली वाट इथे स्टुलाच्या पायापाशीच संपली. या बाईने आयुष्यात एक माणूस हिशेबापुरता न तपासता मानला होता, आणि तो आता तिला सांगणार होता की मी अजागळ आहे, म्हणजे पुन्हा खोटंच, फक्त जरा खालच्या दराने.

“चूक नाही,” तो म्हणाला. “मुद्दाम केलं. तुला रडताना पाहिलं त्या दिवशी.”

तिने पांघरुणाचा काठ दोन बोटांत धरून सरळ केला. मग म्हणाली, कसे करतात ते दाखवा. त्याने खिशात पेन्सिल चाचपली, पण ती मान हलवून म्हणाली, कागद नको, तोंडी सांगा. आणि मग आपल्या बायकोच्या खाटेशी बसून नागनाथने तो पाठ घेतला, जो सकाळी साठ-सत्तर पोरांना घेतला होता. किलोचे पौंड करायचे तर आधी दुप्पट करायची. मग त्या दुपटीचा दहावा भाग काढून तिच्यात मिळवायचा. झालं. क्रम चुकला नाही. तो सांगत असताना ती त्याच्याकडे पाहत नव्हती, ओसरीच्या खांबाकडे पाहत होती, आणि तिचे ओठ हलत होते.

“एक्केचाळीस दुणे ब्याऐंशी,” ती म्हणाली. “दहावा भाग आठ. नव्वद.” मग म्हणाली, “आले तेव्हा शहाण्णव होते.”

“हो.”

तिने पुन्हा एकदा केला, या वेळी मनातल्या मनात. कदाचित मधल्या एखाद्या सोमवारचा असेल, शंभरी गाठली म्हणून देवापुढे साखर ठेवलेल्या दिवसाचा. त्याला वाटलं ती रडेल, आणि रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं, तिच्या पाठीवर हात ठेवायला तरी कारण मिळालं असतं. पण ती रडली नाही. तिचा चेहरा त्याने ओळखला. गुळाचा पुडा घेऊन घरी येतानाचाच तो चेहरा होता, दाराशी येईपर्यंत हिशेब संपवणारा. फक्त आता त्यात थकवा होता, आणि तो किती खोल आहे हे त्याला आज दिसलं, कारण आज तो शीग न चढवता पाहत होता. ती खरोखरच वाळली होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जातील अशा सैल झाल्या होत्या. इतके महिने तो इथे येत होता आणि अठ्ठ्याण्णव पौंडांची बायको पाहून घरी जात होता.

“मला राग आला नाही असं नाही,” ती म्हणाली. “पण तो नंतर. डॉक्टरांना सांगा, मी सही करते.”

नागनाथने मान हलवली. त्याला बोलायचं होतं, की मला भीती वाटत होती, तुझ्यापेक्षा जास्त मला त्या आकड्याची गरज होती. त्यातलं थोडं तो बोललाही, तुटक तुटक. तिने ऐकून घेतलं. सिस्टर औषधं घेऊन आली, गोळ्या देऊन गेली. प्रेमाने पाण्याचा घोट घेतला आणि पेला खाली ठेवता ठेवता विचारलं, अगदी हलक्या आवाजात, “नयना किती वाढली म्हणालात?”

“पावणेचार फूट,” तो म्हणाला.

“मोजलीत?”

मोजली नव्हती. परवा डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येता येता सुचलेला आकडा होता तो, फ्रॉक आखूड होताना दिसत होता त्यावरून. कदाचित खराही असेल. पण खरा आहे असं आता कुठल्या तोंडाने सांगणार होता तो? आणि मग एकेक गोष्ट त्याच्या मनात उभी राहिली, नयनाचा पडलेला दात, तिचे पाढे, ती रात्री आईसाठी न रडता झोपते हे. हे सगळं त्याने इथे आणून दिलं होतं आणि यातलं कुठलं किती खरं हे प्रेमाला आता परत पहिल्यापासून तपासावं लागणार होतं. वजनाचा हिशेब तिने दोन मिनिटांत सुधारला होता. बाकीचा सुधारायला तिच्याकडे काही नव्हतं, पोरगीही नव्हती.

“आकडा नको मला,” प्रेमा म्हणाली. “तिच्या उंचीएवढी सुतळी आणा. ऑपरेशनच्या आधी.” मग तिने त्याच्याकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच नीट. “शेजारच्या गंगव्वाक्कांकडून कापून घ्या. तुम्ही नका कापू. आईंनाही नका सांगू.”

“सरी,” नागनाथ म्हणाला. कन्नडमधला हा होकार त्याच्या घरात आईपासून पोरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडात होता, तोच निघाला. मग डॉक्टरांकडे जाऊन त्याने सांगितलं की बाई सही करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाण्याआधी त्याने गंगव्वांना हाक मारली. दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत होती आणि प्रेमा सॅनिटोरियमला गेल्यापासून पोरीच्या वेण्या त्याच घालत. त्यांनी फार विचारलं नाही. हातातली विळी बाजूला ठेवली, सुतळीचा गुंडा घेतला आणि नयनाला दाराच्या चौकटीशी पाठ टेकून उभं केलं. तानूबाई आत पूजेत होत्या. ही सुतळी आईकडे जाणार आहे हे पोरीला कळल्यावर तिचा श्वास वर गेला, मान ताठ झाली, हनुवटी उचलली गेली. गंगव्वा खाली वाकून सुतळीचं एक टोक जमिनीला दाबत होत्या, त्यांना दिसलं नाही. नागनाथला दिसलं. नयनाच्या दोन्ही टाचा जमिनीपासून वर उचललेल्या होत्या, बोटांवर तोल सांभाळत ती हलू नये म्हणून चौकटीला घट्ट धरून उभी होती, आणि वर त्याच्याकडे बघून हसत होती.

एवढ्याशा पोरीच्या टाचेखालची एवढीशी जागा. प्रेमाने उशीखाली सुतळी ठेवली असती, त्यात ही जागाही मावली असती, कुणाला कळलं नसतं.

“नयना,” तो म्हणाला, “टाचा टेकव.”

“पण मग आईला मी लहान वाटेन,” ती म्हणाली.

“वाटू दे. टाचा टेकव, बाळ.”

तिने आधी एक टाच टेकवली आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, की एवढं पुरे का. तो तसाच उभा राहिला. मग तिने दुसरीही टेकवली, आणि गंगव्वांनी सुतळी तिच्या डोक्यावर आणून कापली.